नानांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकावं का?

बावधनमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता बाजूला ठेवून त्यातला पेच असा: त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, ऐंशीचे आहेत आणि नारायण पेठेत एकटे राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते घराण्याचा कुलवृत्तांत तयार करताहेत. मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचा आणि पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावायची, ही त्यांची पद्धत. कॉम्प्युटर २०१२ साली तपकीर गल्लीतून असेंबल करून आणलेला आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७ होतं, मध्ये कुणीतरी विंडोज १० टाकून दिलं. आता तो सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन होतो. दर वेळी तारीख २०११ सालची दाखवतो आणि ती हाताने बदलली नाही तर बँकेची वेबसाइट उघडत नाही. शिवाय ‘तुमच्या विंडोजची मुदत संपली’ असं बजावत राहतो ते वेगळंच. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या. नवरा म्हणतो, लॅपटॉप घेऊन टाकू. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, ‘मामी, लिनक्स टाकतो, रॉकेट होईल.’ (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम.) आणि नाना हट्टाने एकच म्हणतात, ‘चालतोय तो, हात लावू नका.’

मार्चमध्ये नानांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तोवर भाच्याकडून गुपचूप लिनक्स टाकून घ्यावं आणि नानांना सरप्राइज द्यावं, असं या भगिनींच्या मनात आहे. पण या वयात त्यांना ते जमेल का, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवावा का, असं त्या विचारतात.

नमस्कार,

तुमच्या पत्रात चौघांची चार मतं आहेत. त्यातलं नानांचं मत तुम्ही ‘हट्ट’ म्हणून बाजूला ठेवलंय. मला मात्र तेच आधी ऐकावंसं वाटतं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं एकाच मशीनमध्ये घराण्याच्या पिढ्या भरल्या आहेत, त्याला ‘नवीन टाकून देतो’ हे शब्द ऐकले की धास्ती वाटणारच. विंडोज ७ काढून १० टाकलं तेव्हा नानांचं काय काय गेलं होतं, हे त्यांना एकदा निवांत विचारा. एखादा फॉन्ट गेला असेल, प्रिंटर रुसला असेल, डेस्कटॉपवरचं एखादं फोल्डर तेव्हा जे गायब झालं ते आजतागायत सापडलं नसेल. त्यांच्या ‘हात लावू नका’मागे काय आहे ते त्यातून कळेल, आणि काय काय जपायचं याची यादीही आपोआप हाती येईल.

तेव्हा आधी ते सरप्राइज रद्द करा. शालीचं सरप्राइज द्यावं, कुलदैवताच्या दर्शनाला नेण्याचं द्यावं. कामाच्या टेबलाचं देऊ नये. सकाळी पूजा आटोपून नाना खुर्चीत बसले आणि समोर पडदा वेगळा, चित्रं वेगळी, ‘कुलवृत्तांत’ नावाचं फोल्डर दिसेना, असं झालं तर तुमचा खटाटोप प्रेमापोटी होता हे त्यांना संध्याकाळपर्यंत तरी पटणार नाही.

आता मशीनकडे वळू, आणि भाच्याच्या रॉकेटला जरा लगाम घालू. तुमच्या घरात सगळे असं धरून चाललेत की कॉम्प्युटर विंडोजमुळे रखडतो आणि लिनक्स आलं की धावेल. हे अर्धंच खरं आहे. २०१२ सालच्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. आत तबकड्या फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावर पुढे-मागे सरकत हवी ती माहिती शोधते. विंडोज १० सुरू झालं की पडद्यामागे अपडेट शोधणं, व्हायरस तपासणं, फाइलींची सूची करणं अशी बरीच कामं एकदम काढतं, आणि ती सगळी त्या एका दांडीवर येऊन पडतात. प्रोसेसर बिचारा बसून असतो.

हे खरं की खोटं ते घरीच बघता येईल. कॉम्प्युटर सुरू झाला की खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून टास्क मॅनेजर उघडा, त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि थोडा वेळ नुसतं बघत बसा. डिस्कचा आकडा शंभराला चिकटलेला आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, वीस-पंचवीसवर रेंगाळतोय, तर दुखणं डिस्कचं आहे. मेमरीचा आकडा नव्वदच्या वर असेल तर रॅम अपुरी पडतेय. तुमच्याकडे बहुधा दोन्ही निघेल.

यावर इलाज म्हणजे २५० जीबीच्या आसपासची एक सॅटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी, वेगवान डिस्क, आणि रॅम ४ची ८ जीबी करणं. रॅम घेताना डीडीआर-थ्रीच मागा. डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, ती या बोर्डात बसतच नाही. दोन्हींचा खर्च मिळून नव्या लॅपटॉपच्या पाव किमतीतही जाणार नाही. एवढं केल्यावर विंडोजही सुसह्य होईल आणि लिनक्सही सुरेख चालेल. उलट त्याच जुन्या डिस्कवर लिनक्स टाकलं तर कॉम्प्युटर सुरू थोडा लवकर होईल, पण ब्राउझर उघडेपर्यंत नाना तसेच ताटकळतील आणि बोल लागेल तो लिनक्सला.

तारखेच्या भानगडीवर मात्र जरा थांबतो, कारण तिथे दुकानदाराने तुम्हाला उगाच घाबरवलंय. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक चपटी बॅटरी असते, तिच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. वीज बंद असताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. बऱ्याच वर्षांनी ती संपते. मग प्रत्येक वेळी बटण दाबलं की बोर्ड आपल्या मूळ तारखेवर जातो. तुमच्याकडे ती २०११ सालची आहे. आता बँकेच्या वेबसाइटजवळ एक ओळखपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध. ब्राउझर ते कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०११ म्हणत असेल तर त्याच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून लागूच झालेलं नाही, म्हणून तो ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं सांगून दार लावून घेतो. मदरबोर्डला काहीही झालेलं नाही. बॅटरी पन्नास रुपयांच्या आसपास मिळते. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतली पिन काढा, कॅबिनेटचं डावीकडचं झाकण उघडा, बॅटरीशेजारची क्लिप हलकेच बाजूला दाबली की ती टुणकन वर येते. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. सुरू करून तारीख-वेळ एकदा लावली की झालं. आत बाकी कुठल्याही सेटिंगला बोट लावू नका.

झाकण उघडलंच आहे तर आणखी एक बघून घ्या. बोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. त्यांची टोपणं सपाट हवीत. एखादं वर फुगलेलं किंवा त्यातून तपकिरी चिकट काही सुटलेलं दिसलं, तर मात्र या मशीनवर एक पैसाही घालू नका. मग नवऱ्याचं म्हणणं बरोबर. टोपणं सपाट असतील तर पंख्यात अडकलेली धूळ मऊ ब्रशने काढा. नारायण पेठेत रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीतल्या कॅबिनेटमध्ये काय निघतं ते मी सांगायला नको.

विंडोजच्या मुदतीचं भय तुम्हाला वाटतंय तेवढं तातडीचं नाही, पण खोटंही नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. त्याने कॉम्प्युटर बंद पडत नाही. सुरक्षेतली नवी भोकं सापडली तर ती बुजवली जात नाहीत, एवढंच. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत नाव नोंदवून घेता येते, पण ती दिवस ढकलण्याची सोय झाली. विंडोज ११ला इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तेव्हा तो रस्ता नानांच्या आय-थ्रीला बंद. आडमार्गाने ११ बसवून देणारे भेटतात. एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या माणसाच्या मशीनवर मी ते करू देणार नाही. एखादं मोठं अपडेट अडून बसलं की त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

खरी मेख आहे ती कुलवृत्तांतात. भाच्याने तिचा विचार केलेला दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. म्हणजे ती त्याच्या जन्माआधीची. श्रीलिपी हे आपल्या पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना समजणारी अक्षरं साठवण्याची सामाईक पद्धत, रुळण्याआधीच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. तो एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या घरात बसवलेला असतो आणि फॉन्ट त्या घरावर मराठी वळण चढवून दाखवतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळा मजकूर खुणांचा नि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मोडी न येणाऱ्यापुढे दप्तरातला कागद ठेवावा तसं ते आहे. कागद शाबूत, मजकूर शाबूत, वाचणारा नाही. नानांना हे चटकन समजेल.

लिनक्सवर पेजमेकर नाही. लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर पेजमेकरच्या ६ आणि ७च्या फाइली थोड्याफार उघडतं, पण लावलेली पानं विस्कटतात. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं ‘वाइन’ नावाचं साधन आहे. त्यावर काही गोष्टी छान चालतात, पण श्रीलिपीचं जुनं पॅकेज, त्याचा कीबोर्ड आणि पेजमेकर हे सगळं त्रिकूट त्यावर चालेल असं नानांना कबूल करून बसू नका. थोडक्यात, जुनी डिस्क फॉरमॅट मारून तिच्यावर लिनक्स टाकलं तर कॉम्प्युटर जिवंत होईल आणि कुलवृत्तांत मरेल. आणि हे सगळं गुपचूप!

मग करायचं काय? दोन डिस्क. एसएसडी नवी येणारच आहे, तिच्यावर लिनक्स. जुनी हार्ड डिस्क तिच्यावरच्या विंडोज, श्रीलिपी आणि पेजमेकरसह कॅबिनेटमध्ये आहे तशीच राहू द्या. कुलवृत्तांताचं काम असेल तेव्हा विंडोज सुरू करायचं, आणि त्या विंडोजचं इंटरनेट बंद करून टाकायचं. नेटच नसेल तर संपलेल्या मुदतीची चिंता बरीच कमी होते. पेनड्राइव्ह लावताना तेवढी काळजी घ्यावी. बँक, ई-मेल, वर्तमानपत्रं, यूट्यूब, नातवंडांशी बोलणं हे सगळं लिनक्सवर. नानांना यात काही सोडावं लागत नाही, म्हणून मला ही वाट पसंत आहे.

हा परिच्छेद भाच्याला वाचून दाखवा. लिनक्स टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेव. नुसतं ‘मी बघून निवडतो’ चालणार नाही, केबल काढायची. चुकीची डिस्क निवडली जाण्याची शक्यताच उरता कामा नये. सगळं बसल्यावर केबल परत लाव आणि सुरू होताना येणाऱ्या मेनूत विंडोजचं नाव आण, म्हणजे नानांना बाणाने खाली येऊन एंटर एवढंच करावं लागेल. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद कर. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही आणि मग लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. आणि आजोबांसमोर काळ्या पडद्याचं टर्मिनल उघडून फडाफडा आज्ञा टाइप करू नकोस. तुझी हौस कळते, पण त्यांना वाटेल की हे असंच वापरायचं असतं.

लिनक्सचे प्रकार ढीगभर आहेत आणि त्यावर तरुण मंडळी तावातावाने भांडतात. तुम्ही त्यात पडू नका. लिनक्स मिंट घ्या, त्यातही एक्सएफसीई नावाचा हलका अवतार. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला घर बदलल्यासारखं वाटत नाही. मिंट २००६पासून आहे, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर उभं आहे आणि त्याच्या २२च्या मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅमवरही ते चालतं, ८वर निवांत.

आता ‘फुकट’बद्दल. हा प्रश्न अगदी पुणेरी आहे आणि रास्तही. लिनक्सचं बीज हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लावलं. आज त्यावर काम करणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आहेत, कारण त्यांचे स्वतःचे सर्व्हर त्यावर चालतात. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. आपल्या पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेने उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही लिनक्सवर चालतो. मिंटवाले लोकांच्या देणग्यांवर आणि प्रायोजकांवर भागवतात. आवडलं तर पुढे नानांच्या नावे चार पैसे पाठवा.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला धक्का न लावता. ही लिनक्सची सगळ्यात कामाची सोय आहे आणि लोक घाईत नेमकी तीच गाळतात. भाच्याने एखाद्या दुपारी पेनड्राइव्ह लावून मिंट सुरू करावं आणि नानांनी शेजारी बसून नाही, स्वतः माउस धरून बघावं. आवाज येतो का, नेट लागतं का, अक्षरं पुरेशी मोठी होतात का. पेनड्राइव्हवरून ते जरा संथ वाटतं, तेवढं मनात धरू नका. आणि प्रिंटर. तुम्ही पत्रात प्रिंटरचं काही लिहिलं नाहीत, पण कुलवृत्तांत करणाऱ्याकडे लेझर प्रिंटर असणारच. आपल्याकडे घरोघरी दोन दिसतात. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर एचपीचंच एक प्लगइन उतरवून घ्यावं लागतं, मग तो मुकाट चालतो. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर त्याला बोलतं करणं जिकिरीचं आहे. त्यात दिवस घालवण्यापेक्षा छपाई विंडोजमधूनच करावी.

‘या वयात जमेल का?’ हा प्रश्न तुम्ही नानांबद्दल विचारताय, म्हणून मला गंमत वाटली. श्रीलिपीचा कीबोर्ड पाठ असलेला, पेजमेकरमध्ये वंशवृक्षाच्या फांद्या लावणारा माणूस हा! आपण दोघं फोनवर बोटं फिरवतो त्याहून हे कितीतरी अवघड आहे. वयाने शिकणं अडत नाही, सवयीची जागा हलली की अडतं. म्हणून जागा हलवू नका. डेस्कटॉपवर तेच चित्र ठेवा, फोल्डरांची नावं तीच ठेवा, ब्राउझरच्या चिन्हाखाली सरळ मराठीत ‘इंटरनेट’ लिहा. पासवर्ड आणि विंडोजमध्ये जाण्याची रीत एका कार्डावर ठळक अक्षरात लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा.

मराठी टायपिंगचं आधी त्यांना विचारा: बोटं कुठल्या मांडणीवर बसली आहेत, टाइपरायटरच्या, इन्स्क्रिप्टच्या, की इंग्रजी उच्चाराने लिहिण्याच्या? लिनक्समध्ये या तिन्ही तऱ्हांचे मराठी कीबोर्ड बसवता येतात आणि ‘लोहित’सारखे मोफत देवनागरी फॉन्टही मिळतात. इथे लिहिलेलं सगळं युनिकोडमध्ये असेल, म्हणजे ते फोनवर, ई-मेलमध्ये, पणतवंडांच्या कॉम्प्युटरवर कुठेही वाचता येईल. कुलवृत्तांताची जुनी प्रकरणंही सवडीने युनिकोडमध्ये आणावीत. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार उडतो, जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ्ह’चं काहीतरी भलतंच होतं, आणि कुलवृत्तांतात एक आडनाव चुकलं तर नातेवाईक काय करतात ते नानांना ठाऊक आहे. एकेक प्रकरण बदलायचं, मूळ छापील पानाशी ताडून बघायचं. हे काम मात्र घरातल्या दोघा-तिघांनी वाटून घेण्याजोगं आहे. तुम्हाला प्रूफं वाचता येत असतील तर तुम्हीही घ्या.

कॉम्प्युटरपेक्षाही मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रात्री आठ वाजता काहीतरी अडलं तर नाना कुणाला फोन करणार? विंडोजवाला पेठेत दर चार दुकानांमागे एक आहे, लिनक्सवाला नाही. भाचा आज पुण्यात आहे. उद्या नोकरीला बंगळुरूला गेला तर? म्हणून तो जे जे करील ते त्याने एका वहीत लिहून ठेवावं आणि घरातल्या आणखी एकाने, शक्यतो तुम्ही, अपडेट कसं करायचं आणि प्रिंटर कसा जोडायचा एवढं शिकून घ्यावं. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ नावाचा जुना गट आहे, तिथे विचारता येतं. यातलं काहीच जमणार नसेल, तर सरळ विंडोज ११ चालेल असा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, कंपन्यांतून निघालेला जुना डेस्कटॉप घ्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तेव्हाही जुनी डिस्क मात्र जपा. लॅपटॉप शेवटचा पर्याय. लहान पडदा, उथळ कळा आणि मान खाली, हे कुलवृत्तांताचं आसन नव्हे.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही, म्हणजे आता काळजी मिटली’ असं भाचा सांगेल. पेनड्राइव्हवरून येणाऱ्या विंडोजच्या किडीपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण एकट्या ज्येष्ठांना आज लुटतात ते फोनवरून: पोलीस बोलतोय म्हणून धमकावतात, केवायसीच्या नावाने ओटीपी काढून घेतात, स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला लावतात. यावर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम उपयोगाची नाही. त्या कार्डावर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लिहा, आणि घरच्यांशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून कॉम्प्युटरवर काही उतरवायचं नाही, हेही.

इतर वाचकांपैकी अनेकांकडे असंच जुनं धूड असेल, त्यांच्यासाठी थोडं. तुमचं पोट हिशेबाच्या टॅलीवर किंवा एखाद्या विंडोज सॉफ्टवेअरवर चालत असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका. मुलांच्या अभ्यासाला, वाचनाला, पत्रव्यवहाराला कोअर टू ड्युओ या आणखी जुन्या प्रोसेसरचं मशीनही एसएसडी आणि ४ जीबी रॅमसह चालतं. यूट्यूब मात्र मोठ्या रिझोल्युशनला अडखळेल. फक्त ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर त्याला निरोप द्यावा हे बरं. मिंटने २०२० सालच्या २०व्या आवृत्तीपासून ३२ बिट सोडलं, आणि जुन्यांचा आसरा असलेल्या डेबियन या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मधल्या १३व्या आवृत्तीत ३२ बिटच्या मशीनवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. असं मशीन भंगारवाल्याला देण्याऐवजी ई-कचऱ्यात द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. देण्याआधी डिस्क काढून घ्या.

आता परत तुमच्याकडे. सहस्रचंद्रदर्शनाला कुणाकुणाला बोलवायचं, त्यांचे पत्ते आणि फोन नंबर हे सगळं बहुतेक याच कॉम्प्युटरमध्ये असणार. तेव्हा कार्यक्रम पार पडेपर्यंत बॅटरी तेवढी बदलून घ्या, बाकीची उघडझाक भाच्याची परीक्षा झाल्यावर. कॉपी मात्र या रविवारीच काढा, नानांच्या देखत: कुलवृत्तांताचं पूर्ण फोल्डर, श्रीलिपीचे फॉन्ट, सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी सापडल्या तर त्याही, आणि झालेल्या प्रत्येक प्रकरणाची एकेक पीडीएफ. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर नानांच्या कपाटात ठेवा आणि दुसरी तुमच्याकडे बावधनला घेऊन जा.